पळायचं बटण

“…मग या लढाईत कमी काय आहे, सर?”

दस्तगीर मुजावर सरांनी मान वर केली नाही. ओजसने आणलेल्या, हातात मावणाऱ्या गेमवर त्यांची बोटं चालूच होती.

गेम बनवायला ओजस पेंढारकर इथेच शिकला होता, मिरजेतल्या सरांच्या घरी. तो आणि विनीत भाटकर, दोघंही. पुढे ओजसने पुण्यात कंपनी काढली आणि विनीतला कामावर घेतलं. आता त्यांच्या नव्या गेममधल्या लढाईचं जो तो कौतुक करत होता. सर मात्र सकाळपासून गप्प होते.

“तुमची आवडती लढाई कुठली?” ओजसने विचारलं.

सरांनी एक जुना गेम सांगितला. त्यात आपण चाल ठरवेपर्यंत शत्रू थांबायचा. झेपत नसेल तर पळताही यायचं. आधी जखमी सोबत्याला बाहेर काढायचं, मग आपण.

ओजस हसला. पळण्यात कसली मजा, म्हणाला. विनीतने यातही पळायचं बटण ठेवलं होतं, आपण भांडून ते काढायला लावलं. इथे शत्रू कुणासाठी थांबत नाही. एकदा आत शिरलं की दार बंद. लोकांना नेमकं तेच आवडलंय.

“विनीतनं रजा मागितली होती ना?” सरांनी विचारलं.

“त्याची आई बोलली का तुमच्याशी?” ओजसने उलट विचारलं.

सर खेळतच राहिले.

मग ओजसच सांगू लागला. छातीत दुखतंय, असं विनीत म्हणत होता. गेम बाजारात येऊ दे, मग महिनाभर घरी जा, असं त्याला सांगितलं होतं. तो टेबलावरच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

“गेमच्या शेवटी पहिलं नाव त्याचंच टाकलंय, सर.”

सरांची बोटं थांबली. त्यांनी चालू गेम तसाच सतरंजीवर ठेवला.

पडद्यावरच्या योद्ध्याला शत्रूंनी घेरलं. वार बसू लागले. ढाल उचला, औषध शिल्लक आहे, असं ओजस सांगत राहिला. सरांनी हात लावला नाही.

योद्धा पडला. ‘पुन्हा खेळा’ अशी अक्षरं उमटली.

सवयीने ओजसचा अंगठा पुढे गेला. सरांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. मेला तो.”