चार बोटांची वीण

एका तळ्याकाठी भोयांची वस्ती होती. सटवाजी तिथला म्होरक्या. त्याच्या आजाने घालून दिलेला नियम सगळे पाळत. जाळ्याची वीण चार बोटे रुंद ठेवायची. पिले निसटावीत, तीन पावसाळे पाहिलेला मासाच अडकावा. या नियमाचा सटवाजीला फार अभिमान होता.

एके सकाळी जाळ्यात हातभर लांब काळा मासा आला. लांब मिशा, तोंडभर दात. असा मासा त्या तळ्यात कुणी पाहिला नव्हता. पोट चिरले तर आत तळ्यातल्या मरळ माशाची पिले निघाली.

"ही घाण कुणी आणली?" सटवाजी गरजला.

गेल्या दसऱ्याला हिरामण नावाचा परगावचा भोई बायकोपोरासह वस्तीला आला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

"मासा आत्ता सापडला, म्हणजे आत्ताच आला. आणि नवा आलेला तूच," सटवाजी म्हणाला. "उचल बिऱ्हाड."

हिरामणची बायको गिरजा पुढे झाली. "बाबा, तुमच्या जाळ्यात लहान मासा कधी अडकतो का? हा तीन वर्षांचा तरी आहे. आम्हाला येऊन वर्षही नाही झालं. एकदा बारीक विणीचं जाळं टाकून बघा. खाली अजून किती आहेत ते कळेल."

"काल आलेली बाई मला जाळं शिकवते!" सटवाजी हसला. वस्तीही हसली.

ती खरे बोलते, हे त्याला त्याच क्षणी कळले होते. माप त्याच्याच आजाचे. पण चारचौघांत बोललेला शब्द मागे घेणे त्याच्या जिवावर आले. भर वैशाखात हिरामणचे बिऱ्हाड निघाले. वाटेत त्यांचे तान्हे पोर उन्हाने गेले, असे पुढे कानावर आले. सटवाजी त्या दिवशी जेवला नाही.

बारीक जाळे त्याने कुणाला टाकू दिले नाही. गुन्हेगार गेला, आता भीती नाही, असेच तो सांगत राहिला. पुढच्या वर्षी काळे मासे टोपलीभर आले. त्यापुढच्या वर्षी दुसरे काही आलेच नाही. मरळ संपली, वांब संपली. काळ्या माशाला बाजारात कुणी हात लावेना. वस्ती पांगली.

सटवाजी आपल्या म्हाताऱ्या बायकोला घेऊन दूरच्या एका तळ्यावर गेला. तिथल्या भोयांनी त्याला जागा दिली. फार दिवस झाले नाहीत तोच त्यांच्या रुंद विणीच्या जाळ्यात हातभर काळा मासा आला. सगळे सटवाजीकडे पाहू लागले.

"हा माझ्या आधीचा आहे," तो कळवळून म्हणाला. "तुमच्या जाळ्याची वीण तरी बघा!"

"काल आलेला म्हातारा आम्हाला जाळं शिकवतो," तिथला म्होरक्या म्हणाला. माणसे हसली.

सटवाजीने म्हातारीचा हात धरला आणि वाट धरली. वैशाख नुकताच लागला होता.

तात्पर्य: संकट दिसले तो दिवस ते आल्याचा दिवस नसतो. आधी आपल्या जाळ्याची वीण पाहावी, मग दुसऱ्याकडे बोट दाखवावे.