उताणा घाट

धाबेझरीच्या तलावाची पाळ चढून वर आलेले पाहुणे आधी फोटो काढू लागतात. समोर कमळाच्या पानांनी झाकलेलं पाणी, दोन्ही बाजूंना बांबूने भरलेल्या टेकड्या, पानांवरून पळणारी पाणपाखरं आणि काठाला बांधलेल्या, आत नारिंगी लाइफ जॅकेटं ठेवलेल्या रंगीत नावा. फोटो काढून झाले की कुणीतरी हमखास विचारतं, इकडच्या बहुतेक तलावांच्या पाळीवर शेंदूर फासलेला एखादा दगड असतो, एखादी देवी असते. इथे का नाही? आणि या रुंद पायऱ्यांना ‘उताणा घाट’ असं नाव कुणी ठेवलं?

नावाड्यांमधले सर्वांत वयस्क डोमाजी नान्हे मग पाहुण्यांना पायऱ्यांवर बसवतात आणि पाण्याकडे बघत सांगू लागतात.

फार जुन्या काळी, असे सांगतात, इथे तलाव नव्हता. दोन टेकड्यांच्या मधून एक ओढा वाहायचा आणि होळीच्या आधीच आटायचा. धाबेझरीचा गणबा पाटील मातीचा मोठा जाणकार होता. कोणती माती पाणी धरते आणि कोणती फुटते, ते तो मुठीत घेऊन सांगायचा म्हणे. त्याने साऱ्या गावाला कामाला लावलं आणि टेकडीपासून टेकडीपर्यंत पाळ उभी केली. पहिल्याच पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला. भात पिकलं, ऊस पिकला. पाणी आलं तशी नदीकाठची ढिवर माणसं आपल्या लहान होड्या, डोंगे, घेऊन आली आणि पलीकडच्या टेकडीखाली वेगळी वस्ती, म्हणजे टोला, करून राहिली. ती मासे धरत, पाण्यात शिंगाडे लावत.

गावाने त्यांना एकच अट घातली. घाट गावाचा. टोल्याच्या माणसाने त्या बाजूला डोंगा आणायचा नाही आणि गावच्या माणसाला शिवायचं नाही.

गंमत अशी, की ज्यांनी तलाव बांधला त्यांतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. बायका खालच्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत. गणबाची बायको भागरता हिला तर पाण्याची धास्तीच होती. तिला दोन मुली, थोरली फुला आणि धाकटी सकू.

एका सकाळी भागरता घाटावर लुगडं पिळत होती. फुला कमळाच्या फुलासाठी पुढे वाकली. शेवाळलेली पायरी, पाय सटकला आणि पोर आत गेली. घाटावर बायका-पुरुष होते. सगळे ओरडले, कुणी काठी पुढे केली, कुणी लुगडं फेकलं. पाण्यात मात्र कुणी गेलं नाही. जाणार कसं?

दूर रेवता नावाची ढिवरीण डोंग्यात बसून शिंगाडे काढत होती. तिने ते पाहिलं आणि डोंगा घाटाकडे वळवला. पाळीवरच्या राखणदाराला बुडणारी पोर दिसली नाही, त्याला फक्त हद्द ओलांडणारा डोंगा दिसला. तो दगड उगारून ओरडला, “माघारी फिर!” रेवताचा हात थबकला. क्षणभरच. मग तिने पाण्यात उडी घेतली, तळाशी गेली आणि फुलाला वर आणली. पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढे गाव चावडीवर जमलं. जुनी माणसं म्हणाली, नव्या तलावाला माणूस लागतोच. तलावाने आपला बळी घेतला, आता पाळ कधी फुटायची नाही. फुलाच्या नावाने घाटावर दगड बसवू, दरवर्षी खण-नारळ वाहू. गणबा खाली मान घालून बसला होता. त्याला ते बरं वाटत होतं. पोर गेलीच आहे, तर निदान देवी तरी होईल.

चावडीत बायांनी बोलायची रीत नव्हती. भागरता दारात उभी होती, तिथूनच बोलली.

“माई पोरगी बळी नाई. तलावानं तिले मागतली नाई.”

“भागरता, घरी जा,” गणबा म्हणाला.

“जातो. पन दगड बसवू नोका. दगड बसला का समदे विसरतीन. तिले पोहता येत नव्हतं, मनून ती बुडाली. अन् जिले येत होतं, तिले आपन माघारी फिर मनलं.”

दगड बसला नाही.

दुसऱ्या दिवशी भागरता तलावाला वळसा घालून टोल्यावर गेली. पाटलाच्या घरची बाई तिथे कधी गेली नव्हती. रेवता जाळं विणत अंगणात बसली होती. ती दचकून उठली. तिला वाटलं, बाई शिव्या द्यायला आली.

भागरता म्हणाली, “मले पानी शिकव.”

रेवता मागे सरली. “पाटलीनबाई, तुमाले शिवली तं गाव मले इथं राहू देईन का?”

“लपून शिकव नाई मनत मी. घाटावर, समद्यांच्या देखत शिकव. राहाचं नसन तं दोघीबी जाऊ.”

रेवताने हातातलं जाळं खाली ठेवलं आणि म्हणाली, “त्या दिवशी माया हात थांबला, बाई. मले झोप नाई.”

“मलेबी नाई,” भागरता म्हणाली.

उन्हं वर आल्यावर दोघी घाटावरून पाण्यात उतरल्या. बघता बघता पाळीवर माणसांची रांग लागली. रेवताने आपला हात भागरताच्या पाठीखाली घातला आणि तिला उताणी व्हायला सांगितलं. भागरता लाकडासारखी ताठ झाली, बुडाली, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत उभी राहिली. ज्या पाण्याने फुलाला नेलं, तेच पाणी तिच्या ओठाशी होतं. माघारी जावं असं तिला फार वाटलं. पाळीवरून लोक ओरडत होते, पाटलाच्या घराची लाज काढली म्हणत होते. ती पुन्हा आडवी झाली. या वेळी तिने मान सैल सोडली, कान पाण्याखाली गेले आणि सगळी ओरड एकदम बंद झाली. वर नुसतं आभाळ होतं आणि पाठीखाली एक हात. पोर गेल्यापासून ती रडली नव्हती. तिथे, उताणी पडल्या पडल्या ती रडली. रेवताला ते कळलं, पण तिने हात हलू दिला नाही.

गणबा घाटावर आला तो तिला ओढून न्यायला. पण पायरीवर येऊन तो तसाच बसून राहिला. ज्या तलावासाठी त्याने उभं आयुष्य घातलं होतं, त्यात तो गुडघ्याच्या वर कधी उतरला नव्हता. चार दिवसांनी त्याने पागोटं पायरीवर ठेवलं आणि रेवतासमोर पाण्यात येऊन उभा राहिला. पाटलानेच अट मोडल्यावर ती पाळणार कोण? काही घरं रुसली, दुसऱ्या गावी निघून गेली, असंही सांगतात.

भागरताला पोहता येऊ लागलं, तशी ती धाकट्या सकूला पाण्यात घेऊन आली. पण पोरीला आडवी केली की तिचे हात थरथरायचे, पोर घाबरून गळ्याला मिठी मारायची. रोज तेच. शेवटी रेवता म्हणाली, “तुमचं भेव हातातून पोरीले लागते, बाई. मायच्या हातावर लेकरू तरंगत नाई. मायाकडं द्या अन् तुमी तिकडं बसा.”

पोटची एक पोर गमावलेल्या बाईने दुसरी पोर परक्या हातांवर ठेवली आणि काठावर जाऊन बसली. डोमाजी म्हणतात, पाळ बांधणं सोपं होतं, हे अवघड होतं. सकू त्याच दिवशी तरंगली.

त्यानंतर या तलावात कुणी बुडालं नाही, असं गावातले काही लोक सांगतात. डोमाजी तसं सांगत नाहीत. बुडाले, म्हणतात ते. पाणी आहे शेवटी. पण बाकीचे काठावर नुसते बघत उभे राहिले, असं मात्र पुन्हा झालं नाही.

आजही चैत्रात पाणी कोमट झालं की गावातली लहान पोरं टोल्यातल्या आजोबा-आजींच्या हातांवर आणि टोल्यातली पोरं गावातल्या माणसांच्या हातांवर पहिल्यांदा उताणी होतात, आणि त्यांच्या आया तेवढा वेळ पायरीवर पदर घट्ट धरून बसतात. पाहुण्यांनाही सूट नाही. गोष्ट सांगून झाली की डोमाजी धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, वळतात आणि दोन्ही हात पाण्यावर पसरून उभे राहतात.

“जॅकेट मंग घाला,” ते म्हणतात. “आधी या.”