तेविसावी होडी

"...आणि एकाही होडीला न शिवता?"

"एकाही."

"इंजिन बारीक न करता?"

"तेच तर बोलतोय कधीपासून," पास्कल म्हणाला. "फुल स्पीड. दोन्ही रांगांच्या मधून. जमलं तर माझी अर्धी मिशी तुझी, निळू."

आता पास्कलची मिशी म्हणजे गावातली एक नंबरची मिशी. तिला तो खोबरेल लावायचा, विंचरायचा, शर्टाच्या खिशात तिच्यासाठी वेगळी फणी ठेवायचा. असली मिशी पणाला लागल्यावर कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, राहू दे रे बाबा, चल चहा पिऊ.

निळू शहाणा नव्हता. निळू हुशार होता.

खाडीत बावीस होड्या नांगरून उभ्या होत्या. अकरा या बाजूला, अकरा त्या बाजूला, मध्ये पाण्याची गल्ली. सकाळचे आठ वाजले तरी धुकं असं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. पाहुण्यांना फिरवायची स्पीडबोट निळूच्याच ताब्यात असायची. त्याने चावी फिरवली.

गेला. सुसाट गेला. एकीलाही शिवला नाही.

फक्त मागून आवाज आला. ठक. ठक. ठकठकठक... लाकडावर लाकूड. मग धक्क्याच्या बाजूने दोराला मोठा हिसका बसल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही.

निळूने मागे वळून पाहिलं नाही.

*

दुपारपर्यंत गावभर झालं. धक्क्याच्या पायरीला बांधलेली तुकाची छोटी होडी दोरासकट गेली होती. ओहोटीने ती खाडीच्या तोंडाशी नेली, आणि तिथल्या खडकांनी तिच्या फळ्या फळ्या केल्या. पायरीच्या लोखंडी कडीत दोराचा एक धागासुद्धा नव्हता.

म्हणजे गाठ सुटली. म्हणजे तुकाने गाठ नीट मारली नाही.

तुका हा धक्क्यावरचा म्हातारा खलाशी. चाळीस वर्षं गावच्या होड्या तोच बांधायचा. त्याने बांधलेली होडी वादळातही हलली नव्हती. पण कडी रिकामी होती ना. मच्छीमार सोसायटीतल्या माणसांनी त्याला सांगितलं, तुकादादा, वय झालं, उद्यापासून दोराला हात लावू नका.

 दुसऱ्या दिवशी सकाळी तुका धक्क्यावरच बसला होता, मांडीवर दोराचा तुकडा. गाठ मारायचा, ओढून बघायचा, सोडायचा. परत मारायचा.

"सुटत नाय रे," तो निळूला म्हणाला. "बघ की. सुटत नाय. मग तवा कशी सुटली? ...हात गेले बहुतेक माझे."

निळू म्हणाला, "धुकं काय पडलंय ना, दादा."

काय करणार? परवा नव्या मोठ्या होडीचं सुकाणू कुणाच्या हातात द्यायचं ते जोमा तांडेल ठरवणार होता. तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस, आणि जोमाने शिकवलेला तांडेल म्हणजे तर विचारूच नका. निळूने चार वर्षं त्याच्याकडे घासली होती. सुकाणू निळूलाच, असं सगळे म्हणत होते. निळूही म्हणत होता. आरशासमोर.

पलीकडे पास्कल बसला होता, तोंडावर रुमाल बांधून.

जोमाबाबा काठी टेकत आला. एकदा तुकाच्या हाताकडे पाहिलं. मग पास्कलकडे.

"दाढ दुखते का रे?"

पास्कलने मान हलवली. हो पण आणि नाही पण.

जोमाने काठीच्या टोकाने रुमाल अलगद खाली केला. अर्धी मिशी होती. अर्धी नव्हती.

"हं," जोमा म्हणाला, आणि रुमाल परत वर करून दिला. "निळू, पगोळी काढ. वल्ह्याची. इंजिन नको."

पगोळी म्हणजे दोन माणसं मावतील एवढीशी होडी. जोमा पुढे बसला, निळू मागे. निळूने वल्हं मारलं.

*

गावात एक जुनी रीत होती. नांगरलेल्या होडीजवळून जाताना सावकाश जायचं, हात वर करायचा आणि विचारायचं, येऊ का? नव्या पोरांनी हे कधीच सोडलं होतं. निळू तर जोमाची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा.

पहिली होडी धुक्यातून बाहेर आली. नाकाडाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना रंगवलेले मोठे पांढरे डोळे. आत कुणी नाही.

जोमाने हात वर केला. "येऊ का?"



पगोळी पुढे सरकली. दुसरी होडी. "येऊ का?"

तिसरी. "येऊ का?"

सातव्या होडीला निळूला राहवलं नाही. "बाबा, कुणाला विचारताय? रिकामी हाय ती."

"म्हणून तर विचारतो," जोमा म्हणाला. "माणूस असता तर त्यानं शिव्या दिल्या असत्या. काम संपलं असतं."

निळू हसला. त्याचं हसू पाण्यावरून पलीकडे गेलं आणि जरा उशिरा परत आलं. परत आलेलं हसू त्याला स्वतःचं वाटलं नाही. त्याने पुढचं वल्हं मारलं.

बावीस वेळा म्हाताऱ्याने विचारलं. बावीस वेळा कुणी काही बोललं नाही.

रांगा संपल्या. इथे काठाजवळ चिखलात एक जुनाट होडी एकटी रुतलेली होती. तेविसावी. कित्येक वर्षं ती तिथंच होती, कुणी तिला काढत नव्हतं, कुणी तोडत नव्हतं. निळू लहान होता तेव्हा आई म्हणायची, तिकडं खेळायला जायचं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. तिचे डोळे पावसाने धुऊन गेले होते, नुसत्या दोन खळग्या उरल्या होत्या.

तिथे जोमाने हात वर केला, पण विचारलं काहीच नाही. हात तसाच बराच वेळ वर राहिला.

मग म्हणाला, "पगोळी फिरव. वल्हं आत घे."

धुकं जरा विरळ झालं होतं. भरती पुरी झाली होती. पाणी थांबलं होतं, परातीत ओतून ठेवल्यासारखं. बावीसच्या बावीस होड्या समुद्राकडे तोंड करून, यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"काल इथून कोण गेलं?" जोमाने विचारलं.

"मला काय माहीत, बाबा?"

"तुला नाय विचारलं."

निळूने इकडे तिकडे पाहिलं. धुकं. होड्यांच्या पाठी.

"मग कुणाला..."

"श्श. त्यांना वेळ लागतो."

ते बसून राहिले. लांब धक्क्यावरून तुकाच्या दोराचा आवाज येत होता. घासला की थांबायचा. घासला की थांबायचा.

मग सगळ्यात जवळची होडी हलली.

वारा नव्हता. लाट नव्हती. तिचं नाकाड हळूच कडेला सरकलं, झोपेतून कूस बदलावी तसं. मग तिच्या शेजारचीचं. मग समोरच्या रांगेतली. दोर पाण्याखाली करकरले. एक, तीन, आठ... एकही माणूस आत नसलेल्या होड्या धुक्यात एकेक करून वळत होत्या.

निळूला माहीत होतं. खाडीवरच जन्मला होता तो. ओहोटी लागली की नांगरलेली होडी फिरते, येणाऱ्या पाण्याकडे तोंड करते, रोज दोनदा फिरते. शेंबडं पोरही सांगेल.

त्याला माहीत होतं, आणि तरी तो एकेक मोजत होता.

बावीस होड्या वळल्या. चव्वेचाळीस पांढरे डोळे. सगळे इकडे.

"मी कुणाला शिवलोसुद्धा नाय," निळूच्या तोंडून निघून गेलं.

जोमाने मान वळवली नाही. "शिवला असतास तर बरं झालं असतं."

"का?"

"तुला आवाज आला असता."

"आला होता," निळू म्हणाला.  "...आला होता, बाबा. मी मागं बघितलं नाय."

घास... थांब. घास... थांब. तुकाचा दोर.

मग निळू पगोळीत उभाच राहिला. पगोळी डुगडुगली. दोन्ही हात तोंडाशी धरून तो धुक्यात ओरडला, "तुकादादाऽऽ! गाठ तुमच्यामुळं नव्हती सुटली! मी गेलो होतो! मी! इंजिन फुल करून! माझ्या लाटेनं हिसका बसला, त्यानं कुठलीही गाठ सुटली असती! तुमचे हात चांगले हायत, दादा!"

आवाज पाण्यावरून गेला, पलीकडच्या डोंगराला लागला आणि परत आला. मी... मी... मी...

धक्क्यावरचा दोर घासायचा थांबला. मग परत काही सुरू झाला नाही.

निळू खाली बसला. म्हणाला, "परवाचं सुकाणू गेलं ना?"

"गेलं."

"तुकादादाला मी नवी होडी बनवून..."

"ते त्याला विचार. आधी हात वर करून."

निळूने मान हलवली आणि वल्हं उचललं. आता त्याला जरा हलकं वाटत होतं. इतकं, की त्याची जुनी खोड परत आली.

"पण बाबा, ओहोटी लागली म्हणून फिरल्या त्या. तुम्ही वेळ बघूनच आणलंत मला. खरं की नाय?"

"खरं."

"बघा! मी ओळखलं." तो हसला, आणि वल्हं मारता मारता काठाकडे बघून थांबला. "ती चिखलातली मात्र नाय फिरली. ती आपण आलो तेव्हापासून इकडंच तोंड करून हाय. ...ती पण मलाच बघते का?"

म्हाताऱ्याने काठी आडवी मांडीवर ठेवली. तेविसाव्या होडीकडे पाहून त्याने परत हात वर केला.

"नाय रे," तो म्हणाला. "मी पण एकदा मागं बघितलं नव्हतं. ती मला बघते."