गालिचे नदीवर का जातात

इस्फहानच्या जुन्या बाजारामागे कलमदानवाल्यांची गल्ली आहे. नवरोजच्या आधी साफसफाई निघाली की सारं शहर आपापल्या दारात गालिचे बडवतं. ही एकच गल्ली आपले गालिचे खांद्यावर टाकून कोसभर लांब नदीकाठी जाते. पाहुण्यांनी कारण विचारलं की म्हातारे आगा सफदर आधी कपाळाला आठ्या घालतात, मग सांगतात.

इथे म्हणे उस्ताद गियास राहत. कागदाच्या लगद्याची कलमदानं नि पेट्या करायच्या, त्यांवर गुलाब नि बुलबुल रंगवायचे, वर पारदर्शक रोगणाचे थर चढवायचे, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं त्यांच्या पेट्या वजिरांच्या घरी गेल्या आणि बायको शहरबानूचा आरसा फडक्यात गुंडाळलेला राहिला. डोळे अधू होऊ लागले तेव्हा कुठे त्यांनी तिच्यासाठी आरशाची पेटी रंगवायला घेतली.

रोगण वाळणार गच्चीवरच्या उन्हात. पहिला थर ओला असतानाच गल्लीत दारोदारी गालिच्यांवर काठ्या सुरू झाल्या आणि त्यावर धूळ बसली. उस्तादांनी रोगण खरवडलं, त्याबरोबर बुलबुलही गेले. पुन्हा रंगवले, पुन्हा धूळ! तिसऱ्यांदा रंगवून रोगण चढवलं आणि कुंचला खाली ठेवला, तो त्यांना परत दिसलाच नाही. नजर गेली होती.

शहरबानू दारोदार फिरली. "चार दिवस कळ काढा," म्हणाली.

"वर्षाचा सण आहे, बानू," शेजारीण म्हणाली. "एका डबीपायी आम्ही घाणीत बसायचं?"

शेजारणीचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर शहरबानूचा संताप संताप झाला. भांडायचं तरी कुणाशी?

तिसऱ्या दिवशी उस्तादांनी पेटीवर बोट फिरवलं. खरखरीत लागलं.

"आण, खरवडतो," ते म्हणाले.

"आणि रंगवणार कोण?" ती ओरडली. जन्मात पहिल्यांदाच ती नवऱ्यावर ओरडली होती, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

मग ती पेटी घेऊन पुन्हा दारोदार गेली. प्रत्येक घरात बायकांचं बोट धरून त्या खरखरीवर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली गालिचे उचलून नदीकडे निघाली. शहरबानू दारात उभी होती. "आता नेता होय?" ती म्हणाली. "न्या, न्या!" तिनं त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, असं सांगतात.

आजही लोक ओझी वाहत नदीवर जातात. गल्लीतला शेवटचा कलमदानवाला जाऊन साठ वर्षं झाली. गच्चीवर कुणाचंच रोगण वाळत नसतं.