दगडी पेठेतली घोंगडीवाली

एका राज्यात, डोंगर संपून मैदान जिथं सुरू होतं तिथं, एक भली मोठी पेठ होती, आणि त्या पेठेला शाप होता. शाप तसा साधा. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत ज्या दुकानातून काहीच विकलं गेलं नाही, ते दुकान मालकासकट दगडाचं होई. आधी मालकाचे पाय दगडाचे होत, मग दगड वर चढत जाई, आणि अमावास्येचा सूर्य मावळला की माणूस डोक्यापर्यंत पुरा दगड होई. पेठेत असे पुष्कळ बसले होते. दगडी कासार दगडी बांगड्या मांडून बसला होता, दगडी हलवाई दगडी जिलब्यांपाशी. बायका हलवायाच्या मांडीवर मिरच्या वाळत घालीत आणि जाता जाता त्याची विचारपूसही करीत. माणूस कशालाही सरावतो, दुसरं काय!

शाप दिला होता एका परमुलखातल्या जादूगारानं. तो पेठेच्या वरच्या टोकाला पथारी टाकून बसला, त्याचा माल कोणी घेतला नाही, त्याचं डोकं फिरलं आणि तो शाप उच्चारून मोकळा झाला. आपणही याच पेठेत दुकान मांडून बसलो आहोत, हे मात्र गडी साफ विसरला. सगळ्यांच्या आधी तोच दगड झाला. त्याचा एक रावा होता, हिरवा, लाल चोचीचा. तो तेवढा उडता राहिला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागला, की माझ्या धन्याचा माल कोणी विकत घेईल तर शाप उतरेल. पुष्कळांनी खटपट केली. खुद्द राजानं दगडी जादूगारापुढं सोन्याची रास ओतली आणि सांगितलं, की हे शंभर नंबरी सोनं आहे, याच्या तोडीचं सोनं कुठल्या मुलखात नाही, घे आणि माल दे. दगड हलला नाही. राजा सोनं उचलून घरी गेला.

अशा पेठेत डोंगरातून एक जोडपं आलं. नवऱ्याचं नाव राणू, बायकोचं येसाई. डोंगरात मेंढ्यांवर रोग पडला आणि कळप संपला, म्हणून उरल्या लोकरीच्या घोंगड्या विणून ते विकायला खाली उतरले. शापाचं त्यांनी ऐकलं होतं. राणू म्हणाला, आपली घोंगडी कोण घेणार नाही? आणि पहिल्याच अमावास्येला बिचारा दगड झाला.

चूक झाली ती अशी. डोंगरातली रीत होती, की विकणाऱ्यानं आधी आपल्या मालाचा दोष सांगायचा. न सांगितलेला दोष विणणाऱ्याच्या हातात शिरतो, असं ते मानीत. दोष एकदा सांगायचा, माल घडी करून पुढ्यात ठेवायचा, आणि नजर खाली घालून गप्प बसायचं, म्हणजे घेणाऱ्यावर भीड पडत नाही. डोंगरात याला सभ्यपणा म्हणत. पेठेत याला काय म्हणत असतील ते तुम्हीच ओळखा. गिऱ्हाईक यायचं, राणू म्हणायचा, ‘हिची कड वाकडी आहे,’ आणि घोंगडी मिटून खाली बघायचा. गिऱ्हाईक उभ्या उभ्या पुढच्या दुकानाकडं वळायचं.

येसाई त्यांच्या मुक्कामाच्या धर्मशाळेत बसून विणत असे; राणू दगड झाल्यावर तिनं तिथल्या घोंगड्या आणल्या आणि त्याच्या शेजारी चटई पसरली. शेजारचा गोंदाजी तेली तिला म्हणाला, की बाई, तू डोंगरात परत जा, दगडाला काय सोबत हवी? येसाई त्याला एवढंच म्हणाली, की याला सोडून मी जाणार नाही. ती मुळातच अबोल होती. राणू निदान हसून दोष सांगायचा, ही तर ओठातल्या ओठात सांगायची. चंद्र अर्धा झाला तोवर तिचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले आणि जायचं म्हटलं तरी तिला जाता येईना. गोंदाजी तिला रोज भाकरी आणून द्यायचा. पेठेतली माणसं वाईट नव्हती हो, फक्त घेत काही नव्हती.

मग एका सकाळी रावा तिच्या छपरावर येऊन बसला. धनी नसल्यानं तो जरा चिडका झाला होता. त्यानं चोचीतून तीन दाणे तिच्या ओंजळीत टाकले.

“हे स्वभावाचे दाणे,” रावा म्हणाला. “एक दाणा खा आणि एका दिवसापुरता दुसऱ्याचा स्वभाव घे. तुझ्या स्वभावावर दुकान चालायचं नाही.”

येसाईला ते पटलं. स्वतःविषयी वाईट ऐकलं की तिला नेहमीच पटायचं.

पहिला दाणा खाऊन तिनं गोंदाजीचा स्वभाव घेतला. बघता बघता तिचा आवाज खणखणीत झाला. ही घोंगडी पांघरली तर पावसाचा थेंब आत शिरायचा नाही, हिची वीण सात पिढ्या उसवायची नाही, राजाच्या पलंगावरही अशी नाही! लोक जमले, हुज्जत घातली, आणि दोन घोंगड्या विकल्याही गेल्या. येसाईनं आनंदानं राणूच्या दगडी गुडघ्यावर थाप मारली. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही गिऱ्हाइकं हातात लोकरीचे गुंते घेऊन आली. घोंगड्या अंगावरच उसवल्या होत्या. सौदा मोडला, आणि घोट्यातला दगड गुडघ्यांवर चढला. येसाईनं दिवसभर बोटं चोळली, कारण न सांगितलेला दोष तिच्या हातात शिरला होता आणि तिला साधी गाठ मारता येत नव्हती.

दुसरा दाणा खाऊन तिनं समोरच्या तांबोळणीचा स्वभाव घेतला. तांबोळीण म्हणजे बोलघेवडी, सगळ्यांना नावानं हाक मारणारी. येसाईनं येणाऱ्या जाणाऱ्याला चटईवर बसवलं, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गाईचं विचारलं. दुकान माणसांनी भरून गेलं. काय हसले लोक! संध्याकाळी सगळे आनंदानं उठून घरी गेले आणि घोंगडीला कोणी हातसुद्धा लावला नाही. दगड कमरेला आला.

त्या संध्याकाळी येसाईला रडू फुटलं. आपण इथं राणूच्या बाजूला अशाच बसून राहणार, आणि कोणीतरी आपल्या मांडीवर मिरच्या वाळत घालील, हे तिला लख्ख दिसलं. पण रडता रडता तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. दिवसभर लोक चटईवर बसले होते, तेव्हा त्यांनी एकमेकांचं एकही वाक्य सरळ ऐकून घेतलं नव्हतं. एकानं म्हणावं ऊन फार आहे, दुसऱ्यानं म्हणावं छे, कुठं आहे. एकानं म्हणावं माझी सून आळशी, की बाकीच्यांनी सुनेची बाजू घ्यावी. या पेठेची रीतच ती होती. समोरच्यानं म्हटलं त्याच्या उलट म्हणायचं, आणि त्यातून मायेनं जवळ यायचं. तिच्या मुलखात त्याला भांडण म्हणत.

तिसरा दाणा तिनं खाल्ला नाही.

“खा,” रावा म्हणाला. “अमावास्या उद्या आहे.”

“उद्याचा दिवस मी माझ्याच स्वभावानं बसेन,” येसाई म्हणाली. “दगड व्हायचंच असेल तर मी माझी म्हणून होईन.” तिनं दाणा त्याला परत दिला. राव्यानं तिला मूर्ख ठरवून तो स्वतःच गिळला.

अमावास्येला सकाळपासून कोणी फिरकलं नाही. दगड छातीशी आला. श्वास घेताना दुखू लागलं. दुपार कलली तेव्हा चिमाकाकू आली. ही पेठेतली सगळ्यात खट म्हातारी. तिला पसंत पडेल असा माल अजून कोणी बनवला नव्हता, आणि तिच्याशी घासाघीस करून दुकानदार आजारी पडत. येसाईनं तिला चटईवर बसायला सांगितलं, तांब्याभर पाणी दिलं. मग घोंगडी उलगडून तिच्या मांडीवर ठेवली आणि आपल्या हळू आवाजात दोष सांगितला, की हिची एक कड वाकडी आहे.

आजवर ती इथं घोंगडी मिटायची. आज तिनं मिटली नाही. नजरही खाली घातली नाही. चिमाकाकूकडं बघत नुसती बसून राहिली.

चिमाकाकूनं कड बघितली. सवयीनं तोंड उघडलं.

“कुठं वाकडी आहे? एवढी तर सगळ्यांचीच असते.”

“लोकर जाड आहे, काकू. टोचेल.”

“टोचेल काय? जाड आहे म्हणून तर ऊब आहे. कालच्या पोरी तुम्ही, तुम्हाला लोकरीतलं काय कळतं!”

“पहिल्या पावसात भिजली की वास येईल.”

“मेंढीचा वास यायचा नाही तर काय केवड्याचा येणार? मी बघते काय करायचं ते!” म्हातारी आता पुरती पेटली होती. येसाईला तिनं विणीचे गुण सांगितले, रंगाचे सांगितले, तुझ्यासारख्या रडतोंडीच्या हातात अशी घोंगडी शोभत नाही असंही सांगितलं. मग पदराची गाठ सोडली, येसाईनं सांगितला तोच भाव दिला, आणि घोंगडी खांद्यावर टाकून तरातरा निघाली. आजूबाजूचे दुकानदार आ वासून बघत राहिले. चिमाकाकूला मालाची बाजू घेताना कोणी कधी बघितलं नव्हतं.

खरा दोष खरा सांगितला होता, आणि घेणारीनं तो जाणूनच माल घेतला होता. हा सौदा मोडणारा नव्हता. येसाईच्या अंगातला दगड ओसरला, छातीतून कमरेत, कमरेतून पायात, आणि तळव्यांतून जमिनीत गेला. गोंदाजी म्हणाला, की पोरी, आता तरी जा डोंगरात. येसाईनं एक घोंगडी काखेत मारली आणि राव्याला म्हणाली, की मला तुझ्या धन्याकडं घेऊन चल.

पेठेच्या वरच्या टोकाला ती पहिल्यांदाच जात होती. जादूगाराच्या दगडाला लोक संतापी म्हातारा म्हणत. बघा, म्हणत, रागानं मान खाली घालून बसलाय. येसाईनं बघितलं आणि ती जागच्या जागी थांबली. त्याच्या पुढ्यात एक बोचकं नीट घडी करून ठेवलेलं होतं, आणि त्याची नजर खाली होती. शाप रागात दिला असेल, पण हा माणूस रागानं बसलेला नव्हता. हा दोष सांगून गप्प झाला होता आणि वाट बघत होता. हा तिच्यासारखाच कुठल्यातरी डोंगरातून उतरला होता.

अशा विकणाऱ्याकडून घ्यायचं कसं, हे येसाईला कोणी शिकवायला नको होतं. डोंगरात घेणाराही आपल्या देण्याचा दोष सांगतो, तेव्हाच सौदा बसतो. राजानं आपल्या सोन्याची स्तुती केली होती, म्हणून दगड हलला नव्हता. पेठेतल्या प्रत्येकानं तेच केलं होतं.

तिनं घोंगडी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, “ही माझी सगळ्यात वाईट घोंगडी आहे. ही विणताना माझा नवरा दगड होत होता. मधे मधे वीण सैल पडली आहे. ऊब मात्र आहे.”

दगडी बोचकं सुटलं. आत खजिना असेल असं पेठेला पिढ्यान्‌पिढ्या वाटत होतं. आत लाकडी फण्या होत्या. येसाईनं वरची एक उचलली. तसा जादूगाराच्या गळ्यातून गडगडत आवाज आला, आणि तो इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

“तिचा एक दात मोडका आहे, बाई.”

“दिसला,” येसाई म्हणाली. “चालेल.”

शाप उतरला. कासाराच्या बांगड्या किणकिणल्या, हलवायानं मांडीवरच्या मिरच्या झटकल्या आणि तो ठसकत उठला. बातमी ऐकून राजा लगबगीनं आला आणि पालखीतून न उतरताच विचारू लागला, की बाई, बक्षीस काय देऊ? जादूगारानं मात्र घोंगडी अंगाभोवती लपेटून घेतली होती आणि तो पेठेची क्षमा मागत होता. येसाईनं राजाला सांगितलं, की महाराज, परमुलखातलं माणूस इथं दुकान मांडायला आलं तर त्याच्या दुकानात आधी बसा आणि त्याच्याकडं विकायची रीत काय ते त्याला विचारा, एवढा हुकूम काढा. राजानं तसा हुकूम काढला, आणि तो आजतागायत पाळला जातो.

पण हे बोलत असतानाच येसाईचे पाय खालच्या पेठेकडं निघाले होते. राणू चटईवर उभा होता. पाय आखडलेले, डोळे चोळत होता. त्याला बघितल्यावर ती अबोल बाई भर बाजारात मोठमोठ्यानं रडली आणि म्हणाली, तुझ्यावाचून मला कसंतरी झालं होतं रे. सगळी पेठ तिथं उभी होती, चिमाकाकूसुद्धा. त्या दिवशी त्या पेठेत कोणी उलट बोललं नाही.

त्यांचा बाजार सुखानं भरला, तसा तुमचा आमचा भरो.