शेवटचा वापर

"मग प्रस्तावना कधी देताय, फादर?"

इनासने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा खुर्चीतून उठला.

फादर लोपीस त्याची वही चाळत होते. वसईच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. इनास त्यांचाच विद्यार्थी, आता कॉलेजात प्राध्यापक. पुस्तक म्हणून छापायच्या त्या वहीत तेराशे इंग्रजी शब्द होते, आज कुणीच बोलत नाही असे. प्रत्येक पानावर तीन रकाने: शब्द, अर्थ, शेवटचा वापर.

"हा बघा, उख्तकेअर. पहाटे जाग येते आणि काळजी छळायला लागते, ती. हजार वर्षांचा शब्द!"

"तुला येते जाग?"

"रोज. त्याचं काय... हा ग्रोक बघा. जेवणाऱ्याच्या ताटाकडे आशाळभूतपणे बघत राहणं. एका शब्दात!"

तो खिडकीपर्यंत जाऊन आला. घड्याळ पाहिलं. पुन्हा बसला. माणूस हुशार होता, पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

"माझा नियम आठवतो?" फादरांनी विचारलं.

आठवत होता. वर्गात शिकलेला शब्द घरी कुणाला तरी बोलून दाखवायचा. समोरच्याने काय उत्तर दिलं, ते दुसऱ्या दिवशी फादरांना सांगायचं. उत्तर आणलं नाही, तर शब्द आला असं फादर मानत नसत.

"फादर, हे शब्द कुणाला बोलून दाखवू? माणसं हसतील."

फादरांनी पान उलटलं. एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा?"

"ओव्हरमॉरो!" इनास खुलला. "म्हणजे परवा. आपण एका शब्दात म्हणतो, इंग्रजांनी मात्र तो हरवला."

"परवा काय आहे?"

इनास पुन्हा घड्याळाकडे बघू लागला.

"इनास, परवा काय आहे?"

"पास्कूचं ऑपरेशन." आवाज एकदम खाली आला. "हृदयाचं. मुंबईला."

पास्कू त्याचा थोरला भाऊ. मधे एक कुंपण, पलीकडे त्याचं घर. वाडीतलं तळं बुजवायचं की ठेवायचं, यावरून दोघांचं वाजलं होतं.

"उद्या सकाळी निघतोय तो," इनास म्हणाला. "मलाही कळतं, फादर. पण आधी त्याने बोलायला हवं. मी काय एवढा..."

पुढचं त्याला सुचेना. तेराशे शब्द समोर होते.

फादरांनी खिशातलं पेन काढलं. इनासला वाटलं, आता प्रस्तावना. म्हाताऱ्याने वहीच्या शेवटच्या पानावर, तेराशेएकाव्या ओळीत, सावकाश एक शब्द लिहिला आणि वही त्याच्याकडे फिरवली.

दादा.

"अर्थ राहू दे," फादर म्हणाले. "तिसरा रकाना भर."

इनासने पेन घेतलं. 

मग लिहिलं: अकरा महिन्यांपूर्वी.

अक्षर वेडंवाकडं आलं. त्याने नाक पुसलं, वही मिटली आणि दारापर्यंत गेला. तिथे थांबला.

"फादर... आणि त्याने उत्तरच दिलं नाही तर?"

फादर चष्मा पुसत होते.

"तो निघाला की ये. काय म्हणाला ते सांग."