घाण्यावरच्या दहा फेऱ्या

सांगा बरं, विश्वास कुणावर टाकावा? जो आपल्याला गुपचूप झुकतं माप देतो त्याच्यावर, की जो सगळ्यांना सारखंच देतो त्याच्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. सारा जन्म मी दुकानात तराजूमागं काढला, तरी मला हे नीट उमगलं ते बोरसावळीच्या गोंदाआबांच्या गोष्टीवरून. आमच्या आजोबांनी ती सांगितली तशीच सांगतो. जिथं त्यांनी मीठमिरची लावली, तिथं मीही लावणार.

फार वर्षांपूर्वी बोरसावळीत गोंदाजी नावाचे तेली राहायचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. घरात माणूस एकटा. अंगणात लाकडी घाणा, आणि घाणा ओढायला एक बैल. बैलाचं नाव हवालदार. चालच तशी होती. हळू, रुबाबात, कुणाचं न ऐकता. डोळ्यांना झापडं बांधलेली असायची, पण आपण किती फेऱ्या मारल्या हे त्याला पक्कं ठाऊक असायचं, असं म्हणतात.

आबांची एकुलती एक लेक यमुना लांबच्या पेठेच्या गावात, पैसेवाल्यांकडे दिली होती. तिला तीन मुलं. थोरली मैना नऊ वर्षांची, मधली गंगू सात वर्षांची, आणि धाकटा भिकू चार वर्षांचा. ही नातवंडं आबांकडे कधी राहायलाच आली नव्हती. विहीणबाई पाठवायच्या नाहीत. त्यांच्याकडे पितळी कड्यांचा झोपाळा, चाकांवरचा लाकडी घोडा, रंगीत बाहुल्या. त्या म्हणायच्या, "तेलाच्या वासात पोरं करणार काय? दुसऱ्या दिवशी भोकाड पसरतील."

एका वैशाखात यमुना हट्टाला पेटली, तेव्हा विहीणबाईंनी निरोप धाडला. "आठ दिवस ठेवून बघा. आठव्या दिवशी गाडी येईल. गाडीवान एकेकाला विचारील, पुढल्या वर्षी यायचं का? एकानं जरी नाही म्हटलं, तरी पुन्हा पाठवणार नाही."

पोरं आली. पहिल्याच दुपारी भिकूनं विचारलं, "आबा, तुमचा घोडा कुठाय?"

आबांनी खिसा चाचपला, आणि मग खिशाचा नाद सोडून अंगणात नजर फिरवली. घाण्याच्या लांब फळीवर वजनाला दगड ठेवलेले असायचे. आबांनी दोन दगड उतरवले आणि भिकूला उचलून तिथं बसवलं. "हा बघ घोडा. आमचा घोडा गोल जातो, म्हणजे वाट चुकायची भीती नाही!" हवालदार चालू लागला, घाणा कुरकुरू लागला, आणि भिकू असा खिदळला, की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली ती शिवारापर्यंत गेली, असं म्हणतात.

मग ठरलं, प्रत्येकाला रोज दहा फेऱ्या. आबा मोठ्यानं मोजायचे. बाकी दिवस कसा जायचा ते ऐका. हवालदाराची झापडं पोरांच्या डोळ्यांना बांधायची आणि नुसत्या वासावरून ओळखायचं, हे तिळाचं तेल, हे जवसाचं, हे करडईचं. कागदाला तेल चोपडलं की त्यातून ऊन पिवळंधमक दिसायचं. तो कागद खिडकीला लावायचा. तेल गळून उरलेली तिळाची गरम पेंड घाण्यातून निघाली की तिचे हत्ती-घोडे करायचे, आणि खेळून झालं की गुळाबरोबर खाऊन टाकायचे. गंगूनं एका दिवसात चार हत्ती खाल्ले. विहीणबाईंच्या लाकडी घोड्याचा तेवढा उपयोग कुठला व्हायला?

सहा दिवस हसण्याखिदळण्यात गेले. सातव्या दिवशी सकाळी मात्र हवालदार अडला.

फळीवर भिकू होता. आबा मोजत होते. "पाच, सहा, सात..." पुढच्या फेरीला आबा पुन्हा म्हणाले, "सात." आणि हवालदार जागच्या जागी थांबला. आबांनी गोंजारलं, पेंड दाखवली, शेपटी पिळली. बैल हलेना.

मैना म्हणाली, "आबा, हवालदारानं तुम्हाला धरलं."

"मला? मी काय केलं?"

"भिकू बसला की तुम्ही सात दोनदा म्हणता. मग आठ पण दोनदा म्हणता. रोज दोन फेऱ्या जास्त. सहा दिवसांच्या बारा झाल्या. मी मोजल्यात."

आबा ओशाळले. "लहान आहे गं तो. उतरवलं की ओठ काढतो."

"मग लहान आहे म्हणून सांगून द्या ना! आम्ही काय नको म्हटलं असतं? खोटं कशाला मोजता?" पोरीनं पाठ फिरवली. "मी उद्या गाडीवानदादाला सांगणार, मला नाही यायचं पुढल्या वर्षी."

गंगू तिच्याजवळ सरकली. "मैनाताई नाही, तर मी पण नाही."

आबा मटकन ओट्यावर बसले. उद्या गाडी येणार होती. मैनेला समजावता आलं असतं, गूळ देऊन गंगूला फोडता आलं असतं. दुसरा कुणी तेच करता. आबा उठले. त्यांनी हवालदाराला सोडलं, त्याचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "चुकलो, पोरींनो. दोघींच्या बारा-बारा फेऱ्या माझ्याकडे निघतात. बस गंगे. आणि मोजणार भिकू."

घाण्यात तीळ भरलेले. म्हातारा माणूस. बघता बघता अर्धं गाव कुंपणाशी जमलं. "आबा, बैल झालात की हो!" कुणीतरी ओरडलं. आबा म्हणाले, "बैल प्रामाणिक निघाला, म्हणून त्याचं काम शिकतोय!"

भिकूला दहापर्यंतच येत होतं. दहा झाले की तो ओरडायचा, "पुढं काय?" आणि सारं गाव एका सुरात सांगायचं, "अकरा!" हवालदार मोकळाच होता, पण तो गेला नाही कुठं. मुकादमासारखा आबांच्या मागोमाग फिरत राहिला. भिकूनं एखादा आकडा गाळला की हंबरायचा, असं म्हणतात.

गंगूच्या बारा झाल्या. मैनेच्या दहा झाल्या. आबांचे पाय लटपटू लागले तशी मैनेनं फळीवरून उडीच टाकली. "बास, आबा. माझ्या दोन उद्या."

"बारा म्हणजे बारा, पोरी."

"उद्या म्हटलं ना! माझ्या फेऱ्या आहेत, मी म्हणेन तेव्हा घेईन." आणि तिनं आपल्या परकराच्या टोकानं आबांचा घाम पुसला. तिळाच्या त्या खेपेला एरवीच्या दुप्पट तेल निघालं, आणि त्या तेलाचा दिवा देवळात वर्षभर वात न बदलता जळला, असं म्हणतात. वातीचं मी छातीठोकपणे सांगत नाही. तेलाचं मात्र खरं असावं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गाडीवान खंडूनं मैनेला विचारलं, "काय ताईसाहेब, पुढल्या वर्षी यायचं का?"

मैना म्हणाली, "पुढल्या वर्षीचं नंतर. माझ्या दोन फेऱ्या राहिल्यात, त्या घेतल्याशिवाय मी गाडीतच चढत नाही."

हवालदाराला जुंपलं. कुणी हाक दिली नाही, कुणी चाबूक उचलला नाही. तो दोन फेऱ्या चालला आणि दुसरी पुरी होताच थांबला. मग खंडूनं पागोटं सावरलं आणि हळूच विचारलं, "मोठ्या माणसांना बसू देता का हो?"

पुढल्या वर्षी गाडीतून अकरा पोरं आली. बारावी सवारी होती खुद्द विहीणबाईंची. त्यांनीही दहा फेऱ्या घेतल्या, आणि अकरावी मागितली तेव्हा हवालदार जागचा हलला नाही, असं म्हणतात.

बोरसावळीत आता तेल गाळत नाहीत, पण आबांचा घाणा लिंबाखाली उभा आहे. वैशाखात कुणाकडेही नातवंडं आली, की एका सकाळी सगळ्यांना तिथं नेतात. फळी आजी-आजोबांनी ओढायची. प्रत्येकाला दहा फेऱ्या. मोजणारं पोर सगळ्यांत धाकटं. लहानग्याला एखादी जास्त द्यायची झाली, तर आधी सगळ्यांसमोर "आबांची फेरी" असं मोठ्यानं म्हणायचं आणि मगच द्यायची. शेवटी तिळाची पेंड आणि गूळ.

तुमच्याकडे घाणा नसेल. नसू द्या. झाडाला दोर बांधा, पाठीवर घोडा करा, वासावरून डाळी ओळखायला लावा. पोरांना तेवढं पुरतं. माझं मागणं एवढंच आहे: कुणाच्या वाट्याला किती पाळ्या आल्या, तो हिशेब खरा ठेवा.